विजेविना गाडीचे पॉलिश आणि वॅक्स

मोटारीला पॉलिश करताना तिच्या रंगाचा सगळ्यात वरचा थर किंचित घासला जातो. वॅक्स लावताना त्याच थरावर मेणाचे पातळ आवरण चढते. पहिल्या कामात रंगातले काही कमी होते, दुसऱ्यात त्यावर भर पडते. गॅरेजात दोन्ही कामे एका दमात उरकली जातात, म्हणून त्यांतला फरक सहसा ध्यानात येत नाही. विजेविना काम करायचे असेल तर मात्र तो ध्यानात ठेवावाच लागतो, कारण यंत्राची गरज पडते ती फक्त पहिल्या कामाला, आणि तिथेही दर वेळी नाही. वॅक्स हाताने यंत्राइतकाच चांगला लागतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात विजेची अडचण दोन तऱ्हांची असते. गावात, घरासमोर गाडी उभी असेल तर वीज असते, पण ती कधी जाईल याचा भरवसा नसतो. पावसाळ्यात वादळाने तार तुटली तर दुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागते. शेतातल्या कोठ्यावर किंवा वस्तीवर गाडी असेल तर शेतीपंपाच्या वाहिनीवर ठरावीक तासच वीज येते, आणि तीही पंपासाठी असते. तिसरा प्रकार शहरातला. नागपूर-पुण्यातल्या सोसायट्यांच्या वाहनतळात वीज असते, पण गाडीपर्यंत पोचेल असे सॉकेट नसते. तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न उरतो: यंत्राशिवाय कितपत काम होईल, आणि ते कसे करावे?

रंगाची जाडी

आजच्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे चार थर असतात. सगळ्यांत खाली विद्युतप्रक्रियेने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहूनही पातळ अशा पापुद्र्यात साठवलेली असते. उन्हातले अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्येही याच पापुद्र्यात मिसळलेली असतात. तो फार झिजला की खालचा रंग उन्हाला उघडा पडतो, आणि मग पुन्हा रंगवण्याखेरीज इलाज राहत नाही.

फिरत्या बफिंग मशीनवर खरखरीत कंपाऊंड लावून एकदा गाडी घासली तर दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर त्याहून जास्त, कारण तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि यंत्राचा दाब नेमका तिथेच एकवटतो. हाताने बारीक पॉलिश केले तर सहसा एका मायक्रॉनच्या आतच झीज होते. क्लिअर कोट ही अशी शिल्लक आहे की ती फक्त खर्च होते, परत भरता येत नाही. या दृष्टीने पाहिले तर वीज नसल्यामुळे हाताने काम करावे लागणे हे गाडीच्या फायद्याचेच ठरते. दर दसऱ्याला हौसेने ‘रबिंग’ करून घेतलेल्या कित्येक गाड्यांच्या बॉनेटच्या कडा पाच-सहा वर्षांत फिक्या पडतात, याचे कारण हेच.

मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा पॉलिशचे सगळे कामच हातावर होते. १९१० च्या सुमारास शिकागोत निघालेले ‘सिमोनाईझ’ मेण फडक्यानेच लावले जाई. भारतात कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर या गाड्यांच्या जुन्या रंगावर क्लिअर कोट नसे. रंग आणि चकाकी एकाच थरात असत. अशा गाडीला पॉलिश करताना फडक्याला रंग लागतो. आजही गाडी जुनी असेल किंवा स्थानिक गॅरेजात रंगवलेली असेल, तर दाराच्या आतल्या बाजूच्या एखाद्या कोपऱ्यावर थोडे पॉलिश घासून पाहावे. फडके रंगले तर क्लिअर कोट नाही असे समजावे आणि हात आणखी हलका ठेवावा. गाडी नव्याने रंगवली असेल तर महिना-दोन महिने वॅक्स लावू नये. रंगातले द्रावक उडून जायला तेवढा वेळ लागतो. आणि टपावर किंवा बॉनेटवर क्लिअर कोटचे पांढुरके पोपडे सुटू लागले असतील तर पॉलिशवर वेळ व पैसा घालवण्यात अर्थ नाही. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश आणि चकाकीचा वॅक्स दोन्ही वर्ज्य. एकदा डाग चमकला की तो परत मॅट होत नाही.

विदर्भातले ऊन, धूळ आणि पाणी

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक, ७० अंशांच्याही पुढे तापू शकतो. अशा पत्र्यावर पक्ष्याची विष्ठा पडली तर तिच्यातले आम्लधर्मी द्रव्य थोड्या तासांत क्लिअर कोट खाते. सावली म्हणून गाडी कडुनिंबाखाली लावावी तर तिथे पक्षी असतात, झाडावरच्या किडींचा चिकट स्राव ठिबकतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी पिकल्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. सावली सोडू नये, पण असे डाग त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून, न घासता उचलावेत.

धुळीचा विचार जरा नीट करायला हवा. काळ्या मातीचे स्वतःचे कण अतिशय बारीक आणि मऊ असतात. त्यांच्यामुळे रंगावर ओरखडे उठतात हा समज पूर्ण बरोबर नाही. ओरखडे काढतो तो तिच्यातल्या चुनखडीच्या खड्यांचा आणि रस्त्यावरच्या खडीचा चुरा. इथली खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. तिच्यातली मुख्य खनिजे मोहसच्या काठिण्यमापनावर सहाच्या आसपास येतात, पोलादी सुरीपेक्षाही थोडी कठीण. वडकीला राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून आत वळून राळेगावपर्यंत आलेल्या गाडीवर हा चुरा, चिखल, महामार्गावर आपटलेले किडे आणि रस्त्याचे काम चालू असेल तर डांबराचे थेंब, असे सगळे एकत्र असते. कोरड्या फडक्याने सकाळी गाडी ‘पुसून काढणे’ ही अनेक घरांतली रोजची सवय या चुऱ्याला रंगावर घासत नेते. गाडीवर दिसणाऱ्या बारीक ओरखड्यांपैकी बहुतेक प्रवासात पडलेले नसतात. ते अशा पुसण्याने पडतात.

विहिरीचे आणि बोअरवेलचे पाणी हा तिसरा मुद्दा. बेसाल्टच्या खडकातून आलेल्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाण्याचा थेंब उन्हात वाळला की क्षारांचे पांढरे वर्तुळ मागे राहते, आणि ते वरचेवर पडत गेले तर रंगात रुतते. ताजे डाग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, ओल्या कापडाने अर्धा मिनिट टेकवून धरले की सुटतात. लगेच साध्या पाण्याने धुवावे. शेवटची धुणी पावसाच्या पाण्याची मिळाली तर उत्तमच. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन मग टिनाच्या छपराचे पाणी टाकीत धरले, तर ते गाडीसाठी बोअरच्या पाण्यापेक्षा सरस असते.

वीज नसताना यंत्र चालवावे का?

घरात इन्व्हर्टर असतो, गाडीत बॅटरी असते, तेव्हा यंत्र चालणार नाही का, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. हिशोब करून पाहिला तर उत्तर सापडते. घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी साधारण १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची असते, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिच्या आयुष्याला घातक असते, म्हणून हाती ९०० उरतात. इन्व्हर्टरमधली तूट वजा जाता साडेसातशेच्या आसपास. डबल अ‍ॅक्शन पॉलिशर प्रत्यक्ष कामात सरासरी ४०० वॅट खातो असे धरले तर दोन तासही पुरे होत नाहीत. पूर्ण गाडीला यंत्राचे तीन-चार तास लागतात. शिवाय ८०० व्हीएच्या आसपासचा इन्व्हर्टर ७०० वॅटचे यंत्र दाबाखाली आले की ट्रिप होतो, आणि साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर यंत्राचा वेग-नियंत्रक बिघडण्याची भीती असते. घरातले पंखे-दिवे गेले ते वेगळेच.

गाडीतल्या सिगारेट-लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो. म्हणजे जेमतेम १२० ते १८० वॅट. त्यावर चालणारी १२ व्होल्टची छोटी गोल यंत्रे मिळतात. ती वॅक्स पसरायला बरी, पण ओरखडा काढण्याची ताकद त्यांच्यात नसते, आणि जे काम ती करतात ते हाताने तितक्याच वेळात होते.

चार्जिंगवर चालणाऱ्या पॉलिशरची गोष्ट वेगळी. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत ९० वॅट-तास असतात आणि त्यावर दाबाखाली पंधरा-वीस मिनिटे काम होते. जिथे वीज येऊन-जाऊन असते तिथे दोन-तीन बॅटऱ्या वीज असताना भरून ठेवल्या तर एका सकाळी बॉनेट, टप आणि डिकी इतके भाग निभतात. हाताने न निघणारे ओरखडे बहुधा याच आडव्या भागांवर असतात, त्यामुळे हा पर्याय व्यवहार्य आहे. प्रश्न फक्त किमतीचा.

मंडपवाल्याकडचा जनरेटर भाड्याने आणता येतो. तो आणलाच तर उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेने लांब ठेवावा. गॅरेजात, शेडमध्ये किंवा कोठ्यात जनरेटर चालवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि तो माणूस मारतो. त्याहून मोठा धोका शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमधून वायर ओढण्याचा किंवा तारेवर आकडा टाकण्याचा. गाडी धुतलेली, जमीन ओली, पाय अनवाणी आणि हातात धातूच्या अंगाचे यंत्र: अशा स्थितीत एक सैल जोड पुरेसा असतो. कोणत्याही गाडीची चकाकी एवढी मोलाची नसते.

धुणे

हाताच्या पॉलिशचे यश निम्म्याहून अधिक धुण्यावर अवलंबून असते. सकाळी ऊन चढायच्या आत, पत्रा हाताला गार लागत असताना सुरुवात करावी. वीज नसली की प्रेशर वॉशर नसतो, आणि त्याच्या जागी राळेगावच्या घराघरांत असलेले साधन डोळ्यांसमोर येते: पाठीवरचा फवारणीचा पंप. सोळा लिटरचा हा पंप हाताने हवा भरून चिखल भिजवून सोडवण्याइतका दाब नक्की देतो. पण तो पंप कोरा हवा, फक्त पाण्यासाठी राखून ठेवलेला. ज्या पंपातून कीटकनाशक किंवा तणनाशक मारले आहे तो कितीही धुतला तरी त्याच्या नळीत आणि वॉशरांत अंश राहतो, आणि गाडी धुताना तोच फवारा अंगावर, तोंडावर उडतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या जिल्ह्याने हे सोसले तिथे फवारणीचा पंप घरकामाला आणू नये, हे वेगळे सांगायला नको. नवा हातपंप घेऊन त्यावर रंगाने ‘फक्त पाणी’ असे ठळक लिहून ठेवावे आणि तो औषधांच्या खोलीबाहेर ठेवावा.

आधी गाडीवर पाणी मारून दहा मिनिटे चिखल फुगू द्यावा. पुन्हा पाणी मारून तो वाहून जाऊ द्यावा. मग दोन बादल्या: एकीत कारचा शाम्पू घातलेले पाणी, दुसरीत साधे. हातमोज्यासारखा मायक्रोफायबरचा बोळा शाम्पूत बुडवून टपापासून खाली यावे, आणि प्रत्येक भाग झाल्यावर बोळा साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घालावा. खडीचा चुरा दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसतो, गाडीवर परत जात नाही. चाकांसाठी वेगळे फडके. कपड्यांची पावडर वापरू नये. ती अल्कधर्मी असते, जुना वॅक्स धुऊन काढते आणि रबर कोरडे पाडते. पंपाची दोन टाक्या आणि दोन बादल्या धरून साठ-पासष्ट लिटर पाण्यात गाडी नीट धुतली जाते. उन्हाळ्यात टँकरच्या गावी हेही जास्त आहे. तिथे पॉलिशचा बेत पावसाळ्यानंतरवर ढकलणे शहाणपणाचे.

धुतलेली गाडी कोरडी केल्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून हलकेच फिरवावा. नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. ही खरखर म्हणजे रुतलेली ब्रेकची धूळ, डांबर, झाडाचा चीक. त्यासाठी क्ले बार मिळतो, विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमधून जगभर पोचलेली मळलेल्या कणकेसारखी चिकणी वडी. शाम्पूच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून ती न दाबता पुढे-मागे सरकवायची. मळ वडीत रुततो. थोड्या वेळाने घडी घालून नवी बाजू वर आणायची. वडी जमिनीवर पडली तर ती टाकून द्यावी, धुऊन वापरू नये. एक खडा पुरतो. या कामाला वीज लागत नाही आणि गाडीच्या रूपात सर्वांत मोठा फरक बऱ्याचदा इथेच पडतो. पांढऱ्या गाड्यांना तर यापुढे पॉलिशची गरजही क्वचितच उरते.

हाताने पॉलिश

डबल अ‍ॅक्शन पॉलिशरची गादी मिनिटाला चार-पाच हजार फेरे मारते. हात मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा फिरेल. एवढ्या फरकाचा अर्थ असा की हाताने काय साधायचे ते आधीच ठरवायला हवे. नख फिरवल्यावर ते ज्या ओरखड्यात अडकते तो ओरखडा हाताने निघत नाही. यंत्रानेही काढू नये, कारण तो क्लिअर कोटच्या बराच आत गेलेला असतो. नखाला न लागणारे धूसर डाग, उन्हाने आलेला मंदपणा, पाण्याची जुनी वर्तुळे, दाराच्या मुठीमागचे नखांचे ओरखडे हे हाताने पुष्कळ कमी होतात. उन्हात गाडीवर सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल दिसते ते प्रत्यक्षात गोल ओरखडे नसतात. सगळ्या दिशांनी पडलेल्या सरळ ओरखड्यांपैकी जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, आणि ते मिळून वर्तुळाचा भास होतो. हाताने हे जाळे पूर्ण जात नाही, विरळ होते.

पॉलिश निवडताना एक गोष्ट पाहायला हवी. काही पॉलिशांतले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण दाबाखाली मोडत-मोडत बारीक होतील असे बनवलेले असतात. यंत्राच्या हजारो फेऱ्यांत ते मोडतात, हाताखाली मोडत नाहीत, आणि पत्र्यावर धुरकट झाक सोडून जातात. हातासाठी मुळातच बारीक, न मोडणाऱ्या कणांचे पॉलिश घ्यावे. गॅरेजातले खरखरीत रबिंग कंपाऊंड हाताने लावणे ही सर्वांत सामान्य चूक आहे: मेहनत भरपूर होते आणि हाती नवे ओरखडे येतात. दातांच्या पेस्टचा उपाय याच जातीचा. तिच्यात घासणारे कण असतातच, पण ते दातांसाठी निवडलेले असतात, क्लिअर कोटसाठी नाही.

प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या, रबराच्या कडा आणि पत्र्याच्या धारदार घड्या कागदी मास्किंग टेपने झाकून घ्याव्यात. फोमच्या सपाट गादीवर हरभऱ्याच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब घ्यावेत. दीड फूट लांब, दीड फूट रुंद एवढाच भाग एका वेळी. गादी बोटांच्या टोकांनी दाबली तर दाबाच्या रेघा उमटतात, म्हणून तळहात सपाट ठेवावा. आधी आडवे, मग उभे, एकमेकांवर थोडे चढणारे सरळ हात मारावेत. मध्यम दाबाने सुरुवात करून शेवटी दाब काढून घ्यावा. पंचवीस-तीस हात झाले की पॉलिश वाळण्याआधी मायक्रोफायबरने टिपून घ्यावे आणि तिरप्या प्रकाशात पाहावे. सुधारणा दिसली तर पुन्हा एक फेरी. दोन फेऱ्यांनंतरही फरक नसेल तर तो डाग तसाच सोडून पुढे जावे. पहिली चाचणी बॉनेटच्या एका कोपऱ्यावर घेऊन मगच सगळी गाडी हाती घ्यावी. टप आणि बॉनेट यांना सर्वांत जास्त वेळ द्यावा, दारांच्या खालच्या भागांना कमी. ऊन आणि पाण्याचे डाग आडव्या पत्र्यावरच साचतात. एक माणूस पूर्ण गाडीला तीन-चार तास घेतो. खांदे भरून आले की दाब असमान होतो, तेव्हा काम दोन सकाळींत वाटणे केव्हाही बरे.

फडक्यांबद्दल कापसाच्या या मुलखात खास सांगायला हवे. नोव्हेंबरपासून जिनिंगकडे कापसाच्या गाड्या जाऊ लागल्या की रस्त्याकडेला रुईचे पुंजके लोळत असतात आणि गॅरेजात वेस्ट कापसाची वाण नसते. तो तेल पुसायला ठीक. रंगावर मात्र फिरवू नये, कारण त्यात पातीचा चुरा, कवडी आणि सरकीचे कठीण तुकडे राहिलेले असतात. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती धोतर वॅक्स पुसायला चालते, फक्त शिवण आणि किनार कापून टाकावी. सर्वांत चांगले मायक्रोफायबर: पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांचे चिरलेले तंतू मळ वरच्यावर न ढकलता आपल्यात ओढून घेतात. ती फडकी इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि अंगणात पडू देऊ नयेत.

वॅक्स

पॉलिशमधले तेल धुऊन पत्रा कोरडा झाला की वॅक्सची पाळी. गाडीच्या मेणांत सर्वांत मान्यता पावलेले कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून खरवडून काढतात. त्याचा वितळण्याचा बिंदू ८२ ते ८६ अंश सेल्सिअस, तर मधमाशीच्या मेणाचा ६२ ते ६४. राळेगावच्या उन्हाळ्यात हा फरक निर्णायक ठरतो: ७० अंशांच्या पत्र्यावर मधमाशीचे मेण मऊ पडून धूळ धरू लागते. डब्यातला वॅक्स शुद्ध कार्नोबा नसतो. त्यात तेले, द्रावक आणि इतर मेणे असतात, म्हणून तोही इथल्या उन्हात दीड-दोन महिन्यांत विरतो. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट चार ते सहा महिने टिकतात. शेतावर, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला सीलंटच जास्त उपयोगाचा. कार्नोबाची खोल झाक ज्यांना आवडते त्यांनी तो सीलंटवर लावावा.

वॅक्स लावताना हात आखडता हवा. पूर्ण गाडीला दोन-तीन चहाचे चमचे पुरतात; जास्त लावलेला पुसण्यातच जातो. हिवाळ्याच्या सकाळी डबा कोमट पाण्यात धरून मेण जरा मऊ करून घ्यावे. सावलीत, एका वेळी एकच भाग, फोमच्या ओलसर गादीने दिसेल-न-दिसेल इतका थर द्यावा. बोट ओढल्यावर स्वच्छ रेघ उमटली की पुसायला घ्यावे. रेघ ओशट दिसली तर थांबावे. एका मायक्रोफायबरने मेण उचलावे आणि दुसऱ्या कोऱ्याने अखेरचा हात फिरवावा. दुसरा थर द्यायचा असेल तर काही तासांनी, मुख्यतः पहिल्यात राहिलेल्या जागा भरण्यासाठी. एप्रिल-मेमध्ये दुपारी हे काम करूच नये. मेण लावताक्षणी वाळते आणि पुसता-पुसता पॉलिशवर पडलेला सगळा घाम वाया जातो. रॉकेलचा किंवा खोबरेल तेलाचा हात देऊन गाडी चमकवण्याची जुनी पद्धत तासाभराची चमक देते, धूळ चिकटवते आणि रॉकेल तर रबरही कुजवते.

मेणावर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात ते पाहून समाधान वाटते, पण जड पाण्याच्या गावात तेच थेंब वाळले की प्रत्येकाचा पांढरा ठसा उमटतो. वॅक्स लावलेली गाडी म्हणूनच धुतल्याबरोबर टिपून घ्यावी.

दसरा आणि वर्षाचे वेळापत्रक

दसऱ्याला गाडीची पूजा होते. बॉनेटवर ओल्या हळदी-कुंकवाचे स्वस्तिक, समोर झेंडूचे तोरण. हळद पांढऱ्या क्लिअर कोटवर पिवळा डाग सोडते, काही कुंकवांतले रंग त्याहून चिवट असतात, आणि तोरणाची तार वाऱ्याने हलत राहिली तर एका प्रवासात बॉनेटवर अर्धवर्तुळ कोरते. पूजेत कमी काही करण्याची गरज नाही. दसऱ्याच्या चार-पाच दिवस आधी वॅक्स लावलेला असेल तर हळद मेणावर बसते, रंगापर्यंत पोचत नाही. संध्याकाळी भरपूर पाण्याने ती न घासता धुवावी. तोरण तारेऐवजी सुती दोऱ्याने बांधून गाडी निघण्याआधी सोडावे.

पॉलिशही याच सुमारास करणे सोयीचे असते. पाऊस ओसरलेला, विहिरींना पाणी, ऊन अजून सोसवणारे. वर्षातून एकदा हाताचे पॉलिश पुष्कळ झाले. पांढऱ्या गाडीला दोन वर्षांतून एकदाही चालते. वॅक्स मात्र तीनदा द्यावा: दसऱ्याआधी, फेब्रुवारीत ऊन तापायच्या आत, आणि मृगाच्या पावसाआधी. हाती एकच सकाळ असेल तर पॉलिश सोडावे. धुणे आणि वॅक्स सोडू नये. स्वच्छ धुतलेल्या गाडीवर पाणी ओतल्यावर ते थेंब न धरता पसरून बसू लागले, की मेण संपले असे समजावे आणि पॉलिशला हात न लावता वॅक्सचा नुसता एक पातळ थर द्यावा.